दहा सेकंद, अडीचशे फ्रेम: टीव्हीची जाहिरात परत का येते?

एप्रिलमध्ये, मसाल्याच्या ऐन हंगामात, फुलेवाडीच्या एक वहिनी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या एडिटिंगच्या खोलीवर आल्या. त्यांचा कांदा-लसूण चटणीचा छोटा कारखाना आहे. मसाला कुटायचे दोन डंक आणि हाताखाली सहा बायका. भाच्यानं मोबाइलवर शूट करून दहा सेकंदांची जाहिरात बनवली होती. ती एका चॅनलकडे पाठवली आणि दोन दिवसांत परत आली. सोबत पाच मुद्द्यांचा मेल होता: ऑडिओ लाउड, लेव्हल इल्लीगल, टेक्स्ट सेफच्या बाहेर, क्लेमचा पुरावा जोडा, डिस्क्लेमर वाचता येत नाही.

“इल्लीगल म्हणजे काय हो दादा? आम्ही काय बेकायदा केलंय?” वहिनींचा पहिला प्रश्न हाच होता.

बेकायदा काही नव्हतं. टीव्हीच्या भाषेत ‘इल्लीगल लेव्हल’ म्हणजे चित्राचा उजेड किंवा रंग ठरलेल्या मापाबाहेर गेलाय, एवढंच. पण त्यांची भीती मला समजली. कोल्हापुरातले कितीतरी छोटे व्यावसायिक पदरचे पैसे घालून जाहिरात करतात, आणि असा मेल आला की त्यांना वाटतं चॅनलवाले मुद्दाम अडवतायत. म्हणून हे सगळं नीट उलगडून सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

त्या पाच मुद्द्यांपैकी तीन तांत्रिक होते, दोन मजकुराचे. तांत्रिक नियम इंजिनियर लोकांनी केले आणि मजकुराचे नियम कायदेवाल्यांनी. पण दोघांच्याही डोळ्यापुढे माणूस एकच आहे: ताट मांडीवर घेऊन आठ-दहा फुटांवरून टीव्ही बघणारा. त्याला दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, आणि जे ऐकलं ते खरं असलं पाहिजे. हा माणूस विसरला की जाहिरात परत येते.

आधी मजकूर घेऊ, कारण गोष्ट तिथंच बिघडते. भाच्यानं लिहिलेलं वाक्य असं होतं: “कोल्हापूरची एक नंबर, शंभर टक्के शुद्ध, घरगुती कांदा-लसूण चटणी! ॲसिडिटीची चिंता नाही! दोन किलोवर पाव किलो मोफत!” ऐकायला झकास. पण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या नियमाला जाऊन भिडतो.

‘शुद्ध’ घ्या. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे नियम २०१८ चे आहेत. त्यात अशा लाडक्या शब्दांचा वापर कधी करायचा ते एकेक करून सांगितलंय. शुद्ध हा शब्द एकाच घटकाच्या आणि वरून काहीही न मिसळलेल्या पदार्थालाच लावता येतो. नुसती हळद शुद्ध असू शकते. कांदा, लसूण, मिरची, खोबरं, तीळ, मीठ एकत्र कुटलेली चटणी कितीही चांगली असली तरी या व्याख्येत ‘शुद्ध’ बसत नाही. फार तर ‘शुद्ध घटकांपासून बनवलेली’ असं म्हणता येतं, तेही ते घटक त्या कसोटीला उतरत असतील तर.

‘घरगुती’ म्हटल्यावर तर वहिनी रागावल्याच. “आवो, माझ्या हातची पद्धत हाय ही. घरगुती न्हाई म्हणू तर काय म्हणू?” मलाही हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा खटकला होता. पण कारखान्यात बनणाऱ्या, पाकिटात भरून विकल्या जाणाऱ्या पदार्थाला ‘घरी बनवलेला’ म्हटलं की गिऱ्हाइकाच्या मनात चूल, पाटा-वरवंटा आणि चार माणसांपुरतं केलेलं जेवण उभं राहतं. ती समजूत चुकीची होऊ शकते, म्हणून हे शब्दच वापरू नका असं नियम सांगतो. ‘पारंपरिक’ हा शब्द चालतो, पण ती कृती किंवा पद्धत किमान तीस वर्षं फारशी न बदलता चालत आलेली असली पाहिजे आणि ते दाखवता आलं पाहिजे. वहिनींची कृती सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण कागद काहीच नव्हता. ‘ताजा’ या शब्दालाही अशीच अट आहे: धुणं, सोलणं, कापणं, थंड ठेवणं यापलीकडे प्रक्रिया झालेल्या वस्तूला ताजी म्हणता येत नाही.

‘एक नंबर’ची गंमत आपल्या भाषेची आहे. कोल्हापुरात तांबडा रस्सा चांगला झाला की आपण “एक नंबर झालाय!” म्हणतो. ती दाद असते. कोण पहिला, कोण दुसरा याची कुणी मोजदाद केलेली नसते. पण ‘कोल्हापूरची एक नंबर चटणी’ म्हटलं की तो क्रमांक होतो, आणि क्रमांक म्हटलं की चॅनल विचारणार: कुणी मोजलं, कधी मोजलं? असा दावा करायचा तर पाहणी कुणाची आणि कोणत्या तारखेची तेही जाहिरातीत दाखवावं लागतं. माझं मत विचाराल तर ‘चव एक नंबर’ ही उघड दाद आहे आणि अशी अतिशयोक्ती कुणाला फसवत नाही. तरी मी ती टाळतो, कारण तपासणारा माणूस मुंबईत बसलेला असतो आणि त्याच्या कानाला ती दाद म्हणून ऐकू येईलच असं नाही.

ॲसिडिटीची ओळ मी वहिनींसमोरच पुसली. अन्नपदार्थ कुठला आजार टाळतो किंवा बरा करतो असं सुचवायचं तर शास्त्रीय पुरावा आणि मान्यता लागते. डॉक्टर ही चटणी सुचवतात असं म्हणणं तर बंदच. मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर उपाय म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांबद्दलच्या कायद्यानं मनाई आहे. तो कायदा सत्तर वर्षं जुना झाला, आणि ‘आठ दिवसांत साखर आटोक्यात’वाले अजूनही फलक लावून बसलेले दिसतात. असल्या जाहिरातीवर भरवसा ठेवून कुणी इन्सुलिन बंद केलं तर काय होईल याचा विचार केला की या नियमांबद्दल माझी तक्रार उरत नाही.

‘मोफत’वर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे २०२२ चे नियम आहेत. दोन किलो घेतल्यावर पाव किलो मोफत द्या, काही हरकत नाही. पण त्या दोन किलोंची किंमत त्यासाठी वाढवलेली नको आणि मालाचा दर्जा उतरवलेला नको. ऑफरला मुदत असेल, ती ठरावीक दुकानांतच असेल, तर तेही सांगायला हवं.

जाहिरातीत आणखी दोन गोष्टी होत्या, ज्यांच्यावर मेलमध्ये एक अक्षर नव्हतं. मागच्या भिंतीवर छत्रपती शिवाजी महाराजांची मोठी तसबीर होती, आणि कॅमेरा तिच्यावरून हळूहळू चटणीच्या पाकिटावर येत होता. भाच्याच्या मनात भक्तीच होती. पण बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराविरुद्ध १९५० चा एक कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात महाराजांचं नाव आणि चित्र स्पष्ट लिहिलेलं आहे. महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांच्याही नावाचा आणि चित्राचा तिथं उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी त्यांचा वापर करता येत नाही. ज्या गावात घराघरांत महाराजांची तसबीर आहे, तिथं ही चूक अगदी सहज होते. माल विकायला महाराजांचं नाव वापरू नये, हे मला तरी कायदा नसता तरी पटलं असतं. घरातली तसबीर घरात राहू दे, पण शूटिंगच्या चौकटीत ती येणार नाही अशा ठिकाणी कॅमेरा लावा.

दुसरी गोष्ट म्हणजे एका गाजलेल्या मराठी सिनेमातल्या गाण्याचा तुकडा. “चारच सेकंद हाय की,” भाचा म्हणाला. चार सेकंदांना सूट मिळते ही समजूत जिकडंतिकडं आहे आणि ती चुकीची आहे. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण कंपनीचं. गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर साठ वर्षं. चाल पिढ्यान्‌पिढ्यांची लोकपरंपरेतली असेल तर ती कुणाची नाही, पण तिचं आजचं रेकॉर्डिंग कुणाचं तरी असतंच. त्यापेक्षा आपल्याच गल्लीतला हलगीवाला बोलवा, त्याचे पैसे द्या आणि त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या.

हे सगळं तपासतं कोण, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. सिनेमा थिएटरमध्ये दाखवायच्या जाहिरातीला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. टीव्हीवरच्या साध्या व्यापारी जाहिरातीला लागत नाही. तिथं जबाबदारी जाहिरातदार, एजन्सी आणि चॅनल अशी तिघांवर असते. कायद्याचा पाया म्हणजे केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ आणि त्यातला नियम ७, जो जाहिरात संहिता म्हणून ओळखला जातो. तंबाखू आणि दारूला बंदी, मुलांना धोक्यात घालणारं किंवा त्यांची अप्रतिष्ठा करणारं दृश्य नको, चमत्कारी गुणांचे दावे नकोत, धार्मिक वा राजकीय हेतूची जाहिरात नको, हे सगळं तिथं आहे. निवडणुकीतल्या राजकीय जाहिरातींसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशानं वेगळी वाट काढून दिली. अशा जाहिराती दाखवण्याआधी समितीकडून प्रमाणित करून घ्याव्या लागतात आणि जिल्हा पातळीवरही अशी समिती असते.

दुसरा खांब म्हणजे जाहिरात क्षेत्रानं १९८५ मध्ये मुंबईत स्वतःच उभी केलेली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आस्की. ती स्वयंनियमन करणारी संस्था असली तरी नियम ७ मध्येच तिच्या संहितेचा उल्लेख आहे, त्यामुळं टीव्हीपुरतं तिच्या शब्दाला कायद्याचं वजन आहे. तिसरं, २०२० साली सुरू झालेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. आणि जाहिरातीत झळकणाऱ्या कलाकाराला वर्षभर, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत, जाहिराती करायला मनाई होऊ शकते. क्लासवाल्यांसाठी याच प्राधिकरणानं २०२४ मध्ये खास नियम काढले. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती निकालानंतर घ्यायची, आणि त्यानं नेमका कोणता कोर्स केला होता ते सांगायचं. स्पर्धा परीक्षांच्या अकॅडम्यांनी हे भिंतीवर लावून ठेवायला हवं.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी आणखी एक. ७ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं जाहिरात प्रसारित होण्याआधी, तिच्यात दिशाभूल करणारं काही नाही असं स्वयंघोषणापत्र देण्याचा आदेश दिला. नंतर माहिती व प्रसारण मंत्रालयानं ही अट अन्न आणि आरोग्य क्षेत्रापुरती आणली. तेव्हा चटणी, गूळ, लोणचं, काढा असलं काही असेल तर चॅनलला पहिल्याच फोनवर विचारा की ही अट सध्या लागू आहे का, आणि असेल तर या कागदाचं काय करायचं.

आता यंत्राकडे वळू.

भाच्यानं केलेल्या जाहिरातीचा आवाज मी मीटरवर लावला. आकडा आला उणे ९ एलयूएफएस. एलयूएफएस हे कानाला जाणवणारा जोर मोजण्याचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. पूर्वी आवाजाचं फक्त शिखर मोजायचे, म्हणजे सर्वांत मोठा क्षण किती मोठा. जाहिरातवाल्यांनी त्यातून वाट काढली: शिखर तेवढंच ठेवायचं, पण प्रत्येक क्षण दाबून-चेपून त्या शिखराजवळ नेऊन ठेवायचा. मीटर म्हणायचं सगळं ठीक, आणि घरात मात्र मालिकेतली कुजबुज संपून जाहिरात लागली की आजोबा दचकून रिमोट शोधायचे. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं कानाच्या हिशोबानं मोजायची पद्धत ठरवली. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारकांनी तिच्यावरून उणे २३ हा आकडा निश्चित केला. अमेरिकेत तर मोठ्या आवाजाच्या जाहिरातींवर कायदाच झाला, तो डिसेंबर २०१२ पासून लागू आहे आणि तिथला आकडा उणे २४. आपल्या नियम ७ मध्ये आकडा नाही, पण जाहिरातीचं चित्र आणि आवाज अतिरेकी ‘लाउड’ नसावा हे वाक्य आहे. आकडा प्रत्येक चॅनल आपल्या तांत्रिक पत्रकात देतं. ते पत्रक मागून घ्या आणि त्यातल्या आकड्यावर मिक्स करा.

उणे ९ आणि उणे २३ यांत चौदा एककांचा फरक आहे. दहा एकक वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ही जाहिरात दुपटीहूनही मोठी होती. बरं, एखाद्या चॅनलनं ती घेतली असती तरी त्यांच्या यंत्रानं ती खाली ओढून उणे २३ वर आणलीच असती. चेपलेला आवाज खाली आणला की तो सपाट आणि निर्जीव वाटतो. मूळ मिक्समध्ये चढउतार राखलेली शेजारची जाहिरात मग जास्त उठून दिसते. ओरडून काही मिळत नाही, उलट जातंच.

आवाजाचीच आणखी एक खोच, जी मी एकदा भोगलीय. गुजरीतल्या एका सराफांची जाहिरात होती, साज आणि ठुशीची. स्टुडिओत सुंदर वाजली. दुकानातल्या जुन्या टीव्हीवर लावली तर संगीत होतं, निवेदन गायब. स्टीरिओच्या दोन बाजूंपैकी एकीत निवेदनाची लहर उलटी बसली होती. एकच स्पीकर असलेला टीव्ही दोन्ही बाजूंची बेरीज करतो, आणि सुलटं अधिक उलटं म्हणजे शून्य. चूक माझी होती. सराफांचे दोन दिवस त्यात गेले. तेव्हापासून प्रत्येक जाहिरात पाठवण्याआधी मी ती एकदा मोनोमध्ये ऐकतो.

चित्राबद्दल सांगायचं तर भाच्याचं सगळ्यांत मोठं दुखणं तांबड्या रंगाचं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर भडक तांबडी अक्षरं, कारण मिरची. मोबाइलवर ती चमकत होती, टीव्हीवर कडा पसरल्यासारख्या दिसत होत्या. याचं कारण असं की टीव्हीच्या सिग्नलमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची वेगळी ठेवतात, पण रंगाची तेवढी ठेवत नाहीत. चॅनलला देतो त्या फाइलमध्ये दोन बिंदूंना मिळून एक रंग, आणि घरापर्यंत पोचणाऱ्या सिग्नलमध्ये चार बिंदूंना मिळून एक. माणसाचा डोळा उजेडातला बारकावा चांगला पकडतो, रंगातला कमी, म्हणून ही काटकसर एरवी खपून जाते. पण तांबड्याचा स्वतःचा उजेड कमी असतो. काळ्यावर तांबडं लिहिलं की अक्षराची कड केवळ रंगानं ठरते, आणि रंगच जाडाभरडा आहे. अक्षरं पांढरी करा आणि तांबडा रंग मिरचीकडेच राहू द्या.

वहिनींना घाबरवणारी ‘इल्लीगल लेव्हल’ येते ती अशी. आठ बिटांच्या चित्रात कॉम्प्युटर काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ म्हणतो. टीव्हीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, वरखालची जागा राखून ठेवलेली असते. मोबाइलची फाइल तशीच ढकलली की पांढरं २३५ च्या वर जातं आणि तपासणीचं यंत्र लाल खूण करतं. एडिटिंगमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे, फक्त करायला आठवलं पाहिजे.

आणि हलणाऱ्या चित्राचं माप. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा, त्याच हिशोबानं टीव्ही सेकंदाला पंचवीस फ्रेमचा, म्हणजे पंचवीस स्थिर चित्रांचा आला आणि तसाच राहिला. मोबाइल बहुधा तीस फ्रेमवर शूट करतो. तीसचे पंचवीस करायचे म्हणजे दर सेकंदाला पाच फ्रेम कुठंतरी टाकायच्या, आणि मग चटणीचा चमचा वाटीत जाताना अडखळतो. त्यातच ट्यूबलाइटखाली शूट केलं तर चित्रावर वरून खाली सरकणाऱ्या पट्ट्या येतात, कारण दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि तीस फ्रेमचा हिशोब त्याच्याशी जुळत नाही. मोबाइलमध्ये पंचवीस फ्रेम आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवता येणारं ॲप घ्या, दोन्ही दुखणी एकदम जातात. बारीक चौकड्यांचं कापड मॉडेलला नेसवू नका, पडद्यावर ते नाचतं. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा तयार केला, जिथं १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या गावातल्या पोरांना हे बारकावे कुणीतरी शिकवले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे नजर आहे, फक्त मापं सांगणारा कुणी भेटत नाही.

लखलखाटाबद्दल मात्र मी कडक आहे. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये एका कार्टूनमध्ये काही सेकंद तांबडा-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा चमकला, आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. काहींना झटके आले होते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा पडदा लखलखू नये हे माप म्हणूनच पाळायचं असतं. दिवाळीच्या ऑफरमध्ये फटाक्यासारखं चमकणारं ‘सेल’ घालून द्या असा आग्रह मला दरवर्षी होतो. मी देत नाही.

आता उरली ती जागा, जिथं मजकूर आणि यंत्र एकमेकांना भेटतात: तळाची अटीची ओळ, म्हणजे मेलमधला ‘डिस्क्लेमर’.

भाच्यानं अगदी खाली, बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं की ऑफर अमुक तारखेपर्यंत, साठा असेपर्यंत, निवडक दुकानांत. ओळी तीन आणि दिसायला दोन सेकंद. आस्कीचं माप असं: एचडी चित्रात, म्हणजे १०८० ओळींच्या पडद्यावर, बारक्यातल्या बारक्या अक्षराची उंची किमान १८ पिक्सेल हवी. जुन्या ५७६ ओळींच्या चित्रात १२. एका फ्रेममध्ये एकच अट असावी, ती दोन ओळींपेक्षा लांब नको, आणि प्रत्येक ओळीला चार सेकंदांहून जास्त वेळ द्यायचा. शिवाय अट जाहिरातीच्याच भाषेत हवी. मराठी निवेदन आणि खाली इंग्रजी अट हे चालत नाही.

हे माप घरात आणून बघा. बत्तीस इंची टीव्हीचा पडदा उंचीला साधारण चाळीस सेंटिमीटर. त्यातले १८ पिक्सेल म्हणजे साडेसहा मिलिमीटर, तुरीच्या दाण्याएवढं. दहा फुटांवरून तुरीएवढं अक्षर. त्यातही देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. १८ पिक्सेलमध्ये ‘क्ष’ आणि ‘ध्य’ भरून जातात. मी मराठीसाठी तिशीच्या खाली जात नाही.

आणि वेळेचा हिशोब करा. दोन ओळींची अट म्हणजे आठ सेकंदांहून जास्त. जाहिरात दहा सेकंदांची. म्हणजे अट जवळजवळ पूर्ण वेळ पडद्यावर, आणि तीन ओळींची तर बसतच नाही. मी वहिनींना एवढंच सांगितलं की जेवढी अट मावते तेवढीच ऑफर द्या. चार सेकंदांत वाचून होणार नाही अशी अट घालून ‘मोफत’ ओरडायचं, म्हणजे गिऱ्हाइकानं ती वाचू नये अशीच सोय झाली.

सेफ एरियाचा मुद्दा याच्याच पोटातला. पडद्याच्या चारी कडांना पाच टक्के जागा सोडायची. एचडीत डावी-उजवीकडं ९६ पिक्सेल, वर-खाली ५४. जुने टीव्ही कडा कापतात, आणि चौकोनी पडद्यासाठी मधलंच चित्र घेतलं तर दोन्ही बाजूंचे २४० पिक्सेल जातात. वहिनींचा फोन नंबर डाव्या कडेला चिकटून होता. मधल्याच चित्रावर लावून बघितलं, तर दहापैकी शेवटचे आठच आकडे दिसत होते.

लोकल केबलवाल्यांसाठी एक वाक्य: कार्यक्रमावर खालून पळणाऱ्या जाहिरातीच्या पट्ट्यांबद्दल नियम ७ मध्येच लिहिलंय की जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे आणि तिनं कार्यक्रमात लुडबूड करू नये. नवरात्रात अंबाबाईच्या पालखीचं चित्र चालू असताना देवीच्या खाली तीन पट्ट्या पळत असतील तर ते मला बघवत नाही. तासाला किती जाहिराती दाखवायच्या यालाही माप आहे: बारा मिनिटं, त्यातली व्यापारी दहा आणि चॅनलची स्वतःची दोन.

वहिनींची जाहिरात आम्ही नव्यानं केली. मोफतची ऑफर दुकानातल्या फलकावर गेली, कारण तिथं अट लिहायला हवी तेवढी जागा आहे. निवेदन वहिनींच्याच आवाजात: “ब्याडगी मिरची, संकेश्वरी मिरची. भाजलेलं खोबरं, तीळ, धने. आणि डंकावर कुटलेला लसूण. आमची कांदा-लसूण चटणी.” यात पुरावा मागावा असं काही नाही, सगळं डोळ्यांसमोर दिसतंय. पहिल्या ७५ फ्रेम नुसता डंक, त्याची धपधप आणि उडणारी तांबडी धूळ. पुढच्या १०० फ्रेम परातीत पडणारं खोबरं, तीळ आणि लसूण, खिडकीच्या उजेडात. शेवटच्या ७५ फ्रेम पाकीट आणि पांढऱ्या अक्षरांत फोन नंबर, कडेपासून आत. आवाज उणे २३. निवेदनाच्या आधी अर्धा सेकंद फक्त डंक वाजू दिला. तो मीटरवर जेमतेम हलतो, पण घरात ऐकू येतो.

सोमवारी फाइल पाठवली. बुधवारी संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतर लागली, तेव्हा वहिनींनी डंक बंद करून सहाही बायकांना टीव्हीसमोर बसवलं होतं.